अर्थिंगचा खड्डा

१६ फेब्रु.
राउटरची, म्हणजे लाकूड कोरायच्या मशीनची, फ्रेम काटकोनात आली. तिरपी मापं चार वेळा घेतली, दोन्हीकडून १९१२ मिमी. काल दीडचा फरक होता. डाव्या खांबाखाली पत्र्याची पट्टी सरकवली आणि गेला. एवढ्यासाठी तीन दिवस. जालन्याच्या वर्कशॉपात चौदा वर्षं दुसऱ्यांच्या मशिनी जुळवल्या, पण तिथं असलं काही निघालं की दुसऱ्या पाळीवर ढकलून मी मोकळा. इथं दुसरी पाळीही मीच.
सुनंदाने शेडच्या दारातून बघितलं. म्हणाली, "झालं का लगीन लागून?" आणि चहा ठेवून गेली.

१९ फेब्रु.
आज अर्थिंग. शेजारून चुलतभाऊ प्रल्हाद आला पहार घेऊन. आठ फूट खोल खड्डा, खाली प्लेट, मधोमध लोखंडी पाइप, मग कोळसा-मीठ, कोळसा-मीठ असे थर. पाइपाचं तोंड वर हातभर ठेवलंय, त्यातून रोज बादलीभर पाणी ओतायचं. पाइपाला मोठा बोल्ट, तिथून जाड तार राउटरच्या फ्रेमला.
प्रल्हाद म्हणाला, "अशी अर्थिंग आख्ख्या गल्लीत न्हाई." खरं सांगायचं तर ऐकून छाती फुगली.

२१ फेब्रु.
प्रल्हाद वायर घेऊनच आला. मागच्या खांबावरचा न्यूट्रल, करंट परत न्यायची तार, दोन वर्षांपासून कुजलाय. तिकडची पाच घरं एक तार खांबावरून घेतात, न्यूट्रलच्या जागी जमिनीत ठोकलेली सळई. माझं कनेक्शन पुढच्या खांबावरून, नवीन, त्यामुळे मला ते दुखणं नाही.
"आमची सळई उथळ हाय. तात्याचा फॅन नुसता रेंगाळून राह्यलाय. तुझ्या पाइपाला एक वायर जोडू का?"
जोड म्हटलं. तात्या माझे सख्खे चुलते, दम्याचे. आणि जमिनीतून जाणाऱ्या करंटाला मी काय भाडं लावणार?

४ मार्च
पहिलं मोठं काम! कुंभार पिंपळगावच्या विहाराचं दार. सागवान, दोन फळ्या, पिंपळपानांची वेल आणि मध्ये चक्र. बुद्धपौर्णिमेच्या आधी बसवायचं. वाहुळे गुरुजी स्वतः आले होते. कॉम्प्युटरवर नक्षी दाखवली, मग राउटर चालवून दाखवला, फळकुटावर एक पान कोरून. गुरुजी चष्मा सारखा करत वाकून बघत राहिले.
"हाताचं काम न्हाई म्हणल्यावर चुकणार न्हाई, बराबर?"
"न्हाई चुकणार गुरुजी."
बोलून गेलो.

११ मार्च
चुकलं.
चाचणीचं पान, चाळीस मिनिटं सुरळीत, मग सगळी नक्षी दोन मिमी बाजूला सरकली. देठ एकीकडे, पान दुसरीकडे. मशीनला कळलेलंसुद्धा नाही, ते आपलं इमानदारीत कोरतच होतं.

१४ मार्च
कपलिंग उघडलं. घट्ट. स्क्रूचा ढिलेपणा मोजला, ०.०३. यापेक्षा चांगला वर्कशॉपातसुद्धा मिळत नव्हता. केबल बदलल्या. पुन्हा तेच पान, पुन्हा सरकलं, या वेळी तासाभराने आणि उलट्या दिशेने. ढिलं काही असतं तर एकाच बाजूला सरकलं असतं.
चिडचिड झाली. सुनंदावर विनाकारण खेकसलो, मीठ जास्त म्हणून. नव्हतं जास्त.

१७ मार्च
बोल्टला पाच वायरी झाल्यात, जुन्या सळया सगळ्यांनी सोडून दिल्यात. मला न विचारता. विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं, म्हणून बोललो नाही. ऊन वाढलं तसे कूलर निघाले सगळ्यांचे.
पाण्याचं काम सुनंदाकडे. सकाळी आंघोळ झाली की स्टीलची बादली घेऊन अनवाणी जाते, पाइपात ओतते. भिंतीपलीकडून प्रल्हादची शोभा हाक मारते, "ताई, टाकलं का पाणी? कूलर हळू झालाय." ही म्हणते, "टाकून राह्यले गं." पाणी पडलं की पलीकडचे पंखे जोरात फिरतात म्हणे. दोघी हसतात यावर.

२३ मार्च
फ्रेमला हात लावला की मनगटापर्यंत चुणचुण. कोरणाऱ्या मोटरच्या ड्राइव्हमधून करंट गळत असेल. सुनंदाला बोलावलं, म्हटलं, लाव बरं हात. तिने तळहात ठेवला पूर्ण, तसाच धरून उभी राहिली.
"मला तर काहीच लागत न्हाई."
मग माझाच भास. किंवा मान आखडलीय.

२८ मार्च
सुनंदाच्या तळपायाला रुपयाएवढा फोड. तापलेल्या पत्र्यावर पाय पडला होता, तिला पत्ताच नाही, मला रक्त दिसलं फरशीवर. अंबडला नेलं. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितले आणि सुई टोचत गेले, घोट्यापर्यंत. ती विचारत होती, "सुरू केलं का?" मग हात. बोटांनाही तसंच, जरा कमी.
शुगरने नसा गेल्यात. चप्पल घालत जा, रोज पाय तपासा, एवढं सांगितलं. येताना बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "बरंच हाय, काटा मोडला तरी कळायचा न्हाई." मी हसलो नाही, तीही नाही.

३ एप्रिल
एक नक्की झालं: सकाळी आठपर्यंत मशीन बिनचूक. बारानंतर बिघडतं. म्हणजे उष्णता. स्क्रू तापून लांबतो. कागदावर हिशोब केला तर लांबणं येतं पाव मिमीसुद्धा नाही, आणि चूक दोनची. तरी शेडवर गोणपाटं टाकली, पाणी मारलं. माणूस एकदा हट्टाला पेटला की स्वतःचंच गणित खोटं पाडतो.
गुरुजींचा फोन. "काम चालू हाय ना?" चालू हाय म्हटलं.

९ एप्रिल
म्हैस हौदाकडे जाईना. हौद खड्ड्यापासून सात-आठ फुटांवर. तहानलेली आहे, मान लांब करते, एक पाय पुढे टाकते आणि मागे येते. प्रल्हाद म्हणाला, साप असेल. काठीने सगळं उचकून बघितलं. साप नाही. बादलीने दुसरीकडे पाणी दिलं तर घटाघटा प्याली.

१४ एप्रिल
भीमजयंती. सकाळी वंदना, दुपारी मिरवणूक. मशीन कालपासून बंद, मेन स्विच खाली, प्लगही काढलेला.
दिवेलागणीला गल्लीभर माळा लागल्या. निळ्या, पांढऱ्या, प्रत्येक घराला. छान दिसत होतं. शेडमधून शिडी आणायला गेलो आणि तोल सावरायला फ्रेमला धरलं. जोरात बसला. खांद्यापर्यंत.
मशीन बंद. प्लग हातभर लांब जमिनीवर पडलेला. स्विच पुन्हा पाहिला, खालीच. बाहेर गाणी चालू होती.

१५ एप्रिल
मल्टिमीटरची एक काडी माझ्या न्यूट्रलला, दुसरी खड्ड्याच्या पाइपाला. दोन-तीन व्होल्टच यायला हवेत.
सकाळी सहाला १९. दहाला ४१. दुपारी दोनला, सगळे कूलर चालू, ६३.
पाच घरांचा करंट परत जायला वाट शोधतो, आणि त्याला मिळालेली सगळ्यात चांगली वाट म्हणजे माझा पाइप. त्याच बोल्टला माझी फ्रेम. महिनाभर मी मशीनमध्ये दोष शोधत होतो, आणि जिथून मोजायचं ते शून्यच शून्य नव्हतं. फिटर म्हणवतो स्वतःला.
हे सगळं समजल्याचा आनंद मिनिटभर टिकला असेल. मग सुनंदा आठवली. ओल्या जमिनीवर अनवाणी, स्टीलची बादली, बादलीचा काठ पाइपाला टेकलेला. रोज. तिला काही लागत नाही म्हणून मी माझ्या हाताला खोटं ठरवलं. म्हशीला कळलं ते मला कळलं नाही.

१६ एप्रिल
सुनंदाला सांगितलं. खड्ड्याकडे जायचं नाही. ती म्हणाली, "दोन महिने जाऊन राह्यले, काय झालं?" मी म्हटलं, आजवर झालं नाही एवढंच. रागावली नाही, पण पटलंही नाही. ज्या गोष्टीने तिला कधी साधा झिणझिण्यांचासुद्धा इशारा दिला नाही, तिला ती काय म्हणून भिणार.
प्रल्हादकडे मीटर घेऊनच गेलो. त्याने आकडा बघितला.
"म्हणजे बंद करायचं? या उन्हात? तात्याचं काय?"
तात्या खाटेवरून म्हणाले, "ल्योका, दोन वर्षं आम्ही असंच चालवलं. तुझं मशीन आल्यावरच कसं काय पाप लागलं?"
उत्तर होतं. पाच उथळ सळयांमध्ये जे वाटलं गेलेलं होतं, ते मी एका जागी गोळा केलं. मीच खोदला खड्डा, मीच हो म्हटलं. मान खाली घालून आलो.

१८ एप्रिल
फ्रेमची तार बोल्टवरून काढली. शेडच्या पुढच्या बाजूला वेगळी सळई ठोकली, लांब. काम पहाटे पाच ते आठ. पहिली फळी सुरू. चूक नाही.
खड्ड्याभोवती बाभळीचे फास, काटेरी फांद्या, लावले.
पाणी बंद करून दोन दिवस झाले. वाटलं, खड्डा सुकला की करंट आपोआप दुसरीकडे जाईल. आज दुपारी मीटर ९८.
सुकला की वाट अरुंद होते, करंट तेवढाच राहतो. पाणी घातलं नाही तर जास्त धोका. घातलं तर घालणाऱ्याला धोका. हे असं अडकलंय.

१९ एप्रिल
मीच टाकतो आता. गमबूट, प्लास्टिकची बादली, लांबून. ५८ वर आला. भिंतीपलीकडून शोभा: "आज टाकलं वाटतं, थंड वारा येऊन राह्यला."

२३ एप्रिल
फास बाजूला करून बोल्ट बॅटरीने नीट बघितला. हात लावला नाही. मिठाने खाल्लाय. नटाची एक बाजू पापुद्र्यासारखी सुटतेय, तारांची टोकं हिरवी. दोन महिन्यांत. मीठ मीच घातलं, पोतंभर, मोठ्या हौसेने.
हा तुटला तर पाचही वायरींना खाली जायला जागा राहणार नाही. मग सबंध करंट त्या वायरींमध्येच थांबणार, पुरा, दोनशेतीस. आणि त्या वायरी भिंतीवरून, मोरीवरून, कपडे वाळत घालायच्या तारेला टेकून गेल्यात.

२५ एप्रिल
लाइनमन आला, गल्लीने न्यूट्रलसाठी केलेल्या अर्जाचा विषय निघाल्यावर आभाळाकडे बघितलं. न्यूट्रलची तार आल्यावर बसवतो म्हणाला. बोल्ट दाखवला तर दोन पावलं मागे सरला.
"चालू लाइटीत याला हात लावू नका, काका. सोडला की पाच वायरी जित्या होतेन."
ते मला माहीत आहे.
चार घरं मेन स्विच पाडायला तयार आहेत, दहा मिनिटांसाठी. पाचवं दिलीपचं. तो पुण्याला, मुलीकडे, घराला कुलूप, फ्रिज चालू ठेवून गेलाय. स्विच आत. फोन लागतो, तो म्हणतो, "येतो की पौर्णिमेला." कुलूप तोडू का विचारलं तर फोन ठेवला.
मग मंगळवार. दर मंगळवारी दहा वाजता दुरुस्तीसाठी सगळीच लाइट जाते. तेव्हा वायरी सोडायच्या, प्रत्येक घराला त्याची जुनी सळई परत जोडायची. प्रल्हादही हो म्हणाला. तसा तो वाईट नाही.

२९ एप्रिल
मंगळवार. हे लिहायला लाज वाटते.
सकाळी गुरुजींचा फोन: चौकट बसलीय, माप घेऊन जा, गवंडी आजच आहे. वाटलं जाऊन येईन, लाइट दुपारी तीनपर्यंत येत नाही. चौकट तिरकी निघाली, सहा मिमी. तिथं बसलो समजावत. मला समजावायला आवडतं, कोणी ऐकणारं असलं की. बाराला घरून फोन, लाइट आली. आज दुरुस्ती दोनच तासांची होती.
घरी आलो तर खड्डा ओला. फास बाजूला. सुनंदा म्हणाली, "तात्याचा पंखा बंद पडायला आल्ता. तुम्ही नव्हते. मंग कोण टाकणार?"
कोणती बादली, विचारलं. स्टीलची ओलीच होती.
मी ओरडलो नाही. खाली बसलो तिच्यासमोर आणि तिचे पाय हातात घेऊन बघितले. फोडाची जागा भरलीय. ती म्हणाली, "कोणी बघंन, उठा."

३ मे
दार झालं. दोन्ही फळ्या जोडून उभ्या केल्या, चक्राची फट दिसत नाही. चोवीस आरे, कुठे पाव मिमीचाही फरक नाही. गुरुजी आले, वेलीवरून हात फिरवला, बराच वेळ. "तुम्ही म्हणले होते तसंच झालं."
आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम. मला मात्र सारखा पलीकडच्या कूलरचा आवाज ऐकू येत होता, जोरात आहे की हळू.
दुपारी मीटर १०४. पाणी घातल्यावरही ८०च्या खाली येत नाही. बोल्ट.

५ मे
सगळी तयारी. नट सोडायचे पाने दोन, नव्या क्लिपा, हातमोजे, पाच सळयांची टोकं घासून ठेवली. प्रल्हाद उद्या मजुरीला जाणार नाही. सुनंदाला सांगितलं, उद्या घरातच थांब. "थांबते," म्हणाली. दोनदा म्हणवून घेतलं.

६ मे
मंगळवार. वही खड्ड्याशेजारीच घेऊन बसलोय, स्टुलावर, गमबूट घालून. काहीतरी करायला हवं म्हणून लिहितोय.
९:५०. मीटर ९१. पाणी घातलेलं नाही, वायरी सोडताना जमीन ओली नको.
१०:००. लाइट आहे.
१०:२०. आहे. आयुष्यभर जिच्या जाण्याला शिव्या दिल्या ती आज जात नाही. प्रल्हाद भिंतीवर बसून बिडी ओढतोय.
१०:४५. लाइनमनला फोन लागला. "आज बंद घेणार न्हाई, काका. पौर्णिमा होईस्तोवर कुठंच बंद करायचं न्हाई, वरून सांगितलंय. समद्या विहारांचे कार्यक्रम हायेत ना." आमच्यासाठीच. पुढच्या मंगळवारी, म्हणाला.
प्रल्हादला सांगितलं. बिडी विझवली. म्हणाला, "मंग मी जाऊ का कामावर, अर्धा दिवस तरी भरंन." गेला.
११:१०. मीटर ११२. नटाजवळून बारीक करकर येतेय, तळणीसारखी. आधी नव्हती. वास पण.
आठवडा टिकेल का? नाही वाटत. दिलीपचं कुलूप तोडतो. पहार शेडमध्ये आहे. पण मी इथून उठलो तर इथं कोणी नाही.
११:१८. सुनंदा उंबऱ्यात बसलीय, भाजी निवडत. मला बघतेय. हाताने खूण केली, आत जा. तिने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.
११:२५. पलीकडे पंख्याचा आवाज मंदावला. तात्या खोकले. मग भिंतीवरून त्यांची हाक, "सुनंदे, टाक बाई बादलीभर."
"आले, तात्या," म्हणाली. सवयीनेच. भाजीची परात बाजूला सारून ती उठलीय.
वही ठेवतो.